पहिला काता

कराटेचा वर्ग लावला की सुरुवातीलाच एक काता शिकवतात : हेइयान शोदान. एकवीस हालचाली. करायला पाऊण मिनिटही लागत नाही. समोर प्रतिस्पर्धी नसतो, हातात काही नसतं. एकटा माणूस ठरलेल्या दिशांना वळतो, अडवतो, ठोसे मारतो आणि निघाला त्याच जागी येऊन उभा राहतो. बाकावर बसलेल्या पालकांना ती कवायत वाटते. शिकणाऱ्यांतल्याही बऱ्याच जणांना हा काता परीक्षेपुरता हवा असतो; कमरेला पहिला रंगीत बेल्ट आला की त्यांचे डोळे पुढच्या, लाथा आणि उड्या असलेल्या कातांकडे लागतात.

मला मात्र शोतोकान शैलीतली ही सर्वांत नेमकी रचना वाटते. मी कराटेकडे हौस म्हणून वळलो, तेही नोकरीत बरीच वर्षं काढल्यावर. स्पर्धेत उतरायचं नव्हतं, कुणाशी दोन हात करायचे नव्हते. मग त्यात एवढं काय मिळतं, असं ओळखीचे लोक विचारतात. माझं उत्तर या एका कातात आहे, म्हणून तो इथे सावकाश वाचून दाखवतो.

आधी त्याचं कूळ सांगायला हवं, कारण माझ्यासारख्या हौशी माणसाचा या कातावरचा हक्क तिथूनच येतो. ओकिनावातले आंको इतोसु (१८३१–१९१५) हे याचे कर्ते. त्यांच्या तरुणपणी ही विद्या मोजक्या शिष्यांना, चारचौघांच्या नजरेआड दिली जाई. गुरू एक, शिष्य दोन-तीन, आणि लांबलचक, अवघड काता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळांत कराटे आलं ते इतोसुंच्या खटपटीने. १९०८ मध्ये त्यांनी कराटेविषयीची दहा सूत्रंही लिहून काढली. शाळेच्या मैदानात रांगेने उभ्या असलेल्या मुलांना जुन्या रीतीने शिकवणं शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी इतोसुंनी पाच छोटे काता बांधले. त्यांना त्यांनी पिनान म्हटलं. इतोसुंचे शिष्य गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) हे स्वतः शाळामास्तर. १९२२ मध्ये ते कराटेचं प्रात्यक्षिक द्यायला तोक्योला गेले आणि तिथेच राहिले. पुढे त्यांनी पिनानचं हेइयान केलं आणि पहिल्या दोन कातांच्या जागा बदलल्या. इतोसुंचा दुसरा काता शोतोकानमध्ये पहिला झाला. शितो-र्यू आणि वादो-र्यू या शैलींत तो अजूनही पिनान निदान, म्हणजे दुसराच आहे. मला या अदलाबदलीत मुरलेल्या शिक्षकाची नजर दिसते. जो काता समजायला सोपा आणि साधायला कठीण, तो आधी.

तेव्हा ही रचना एका शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी केली, दुसऱ्या शिक्षकाने ती क्रमाने लावली. तिचे पहिले धनी लढवय्ये नव्हते, शाळेतली पोरं होती. घरी जाऊन गृहपाठ करणारी, मोठेपणी कारकून, मास्तर, दुकानदार होणारी.

काताची सुरुवात नमस्काराने होते. मग पाय खांद्यांएवढे फाकवून, मुठी शरीरासमोर धरून उभं राहायचं. समोर पाहत असतानाच नजर डावीकडे जाते, शरीर तिच्यामागून वळतं आणि पहिली हालचाल होते : गेदान बाराई, खालच्या अंगाचा ब्लॉक. डावी मूठ उजव्या कानाजवळून निघते, तिरकी खाली उतरते आणि डाव्या गुडघ्याच्या वीतभर वर थांबते. त्याच क्षणी उजवी मूठ कमरेशी ओढली जाते. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, शरीराचं वजन पुढच्या पायावर थोडं अधिक. या पवित्र्यात मागच्या पायाची टाच उठायला फार उत्सुक असते. आमचे सर रांगेमागून चालत येतात आणि एवढंच म्हणतात, “टाच.” कुणाची ते सांगत नाहीत, आणि रांगेतल्या सगळ्यांच्या टाचा जमिनीला टेकतात.

कराटेत पहिला वार आपला नसतो, अशा अर्थाचं एक सूत्र फुनाकोशींच्या वीस सूत्रांत आहे. भिंतीवर लावायला ते छान दिसतं. पण हा काता ते पाळतो कसं, हे पाहण्यासारखं आहे. एकवीसपैकी तेरा हालचाली ब्लॉक आहेत. ठोसे सात. बंद मुठीचा वरून खाली येणारा वार एक. लाथ एकही नाही. सिनेमातून कराटेची ओढ लागलेल्या मुलाला हे ऐकून धक्का बसतो. ज्या कलेची ख्याती लाथांवर उभी आहे, तिच्या पहिल्या धड्यात पाय फक्त उभं राहायला आणि वळायला शिकतात.

पहिल्या ब्लॉकनंतर एक पाऊल पुढे आणि उजव्या हाताचा ठोसा. इथे कमरेकडे पाहा. ब्लॉकच्या वेळी कंबर अर्धी उघडलेली असते, छाती तिरकी. समोरच्याला आपलं अंग कमी दिसावं अशी. ठोशाच्या वेळी कंबर फिरून सरळ समोर येते. उघडणं आणि मिटणं. हाताची ताकद ही या फिरण्याची ताकद असते. खांद्याने मारलेला ठोसा पाहताक्षणी ओळखू येतो, तो लांब दिसतो आणि पोकळ असतो. दुसरा हात कमरेशी किती वेगाने परत आला, यावर पुढे गेलेल्या हाताचं बळ ठरतं. नव्या मुलांचं सारं ध्यान मारणाऱ्या मुठीकडे. मला हळूहळू मागे येणारा हात पाहायची सवय लागली, आणि मग दुसऱ्याचा काता पाहण्याचा आनंद दुप्पट झाला.

तिसऱ्या हालचालीला शरीर उलट फिरतं, थेट पाठीमागे, आणि उजवा गेदान बाराई होतो. डावीकडे जे झालं तेच आता उजवीकडे होणार, अशी पाहणाऱ्याची अटकळ असते. इथेच रचनाकाराने मोडता घातला आहे. ब्लॉक झाल्यावर ठोसा येत नाही. पुढे टाकलेला उजवा पाय मागे ओढला जातो, पवित्रा आखूड आणि उंच होतो, उजवा हात पोटासमोरून वर्तुळ घेत डोक्यावर जातो आणि मूठ हातोड्यासारखी खाली येते. मग डावं पाऊल, डावा ठोसा. साऱ्या कातात एवढी एकच हालचाल अशी आहे जिला जोडीदार नाही. डाव्या बाजूला ती नाही, पुढे पुन्हा येत नाही.

अर्थ लावणारे सांगतात की ब्लॉक करणारं मनगट कुणीतरी पकडलं आहे. पाय मागे घेऊन, हात वळवून ते सोडवायचं आणि त्याच झोकात मूठ समोरच्याच्या गळपट्टीच्या हाडावर आणायची. वर्गात जोडीदाराबरोबर हे करून पाहिलं की पटतं. मनगट खरंच सुटतं, आणि ते हाताच्या जोराने सुटत नाही, पाय मागे घेतल्यामुळे सुटतं. पण मला ती हालचाल अर्थावाचूनही आवडते. तोवर काता सपाट चालला होता, सगळं आडवं आणि पुढे. या एका ठिकाणी शरीर मागे सरतं, उंच होतं, हात आभाळाकडे जातो. प्रत्येक हालचालीमागे गुप्त पकड आणि मानेचा मर्मबिंदू शोधणाऱ्या लोकांचा मला कंटाळा येतो. सोपा अर्थ पुरेसा असताना तो ताणण्यात या कलेचा मान वाढत नाही.

सहाव्या हालचालीला डावीकडे वळून पुन्हा गेदान बाराई, आणि आता तोंड समोर, म्हणजे जिकडे पाहत उभे होतो तिकडेच. आतापर्यंत तिसऱ्यांदा हा ब्लॉक आला. संपूर्ण कातात तो सहा वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी वळणानंतरच. ख्यालात गायक कुठेही फिरून आला तरी मुखड्यावर उतरतो, तसा हा काता शेवटच्या चार हालचाली येईपर्यंत दर वळणाला गेदान बाराईवर उतरतो. त्यामुळे वळण कितीही मोठं असलं तरी ते संपलं कुठे, हे शरीराला ठाऊक असतं.

मग मधल्या रेषेवर तीन पावलं, तीन आगे उके. म्हणजे डोक्यावर येणारा वार कोपरापासून वर उचललेल्या हाताने अडवणं. अडवायचं आणि प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे टाकायचं. बचाव करणारा माणूस मागे सरतो, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे उलट आहे. तिसऱ्या ब्लॉकला, नवव्या हालचालीवर, कियाई : पोटातून निघालेली आरोळी. या जागेवर मी फार रेंगाळलो आहे. पहिली आरोळी ठोशावर का नाही? जाणकार म्हणतात, तो हात अडवता अडवता समोरच्याच्या हनुवटीवर जाणारा वारही आहे. असेलही. माझ्या वाचनात मात्र ती आरोळी तीन पावलं न डगमगता पुढे गेल्याची आहे. घशातून ओरडणारी मुलं असतात, त्यांचा आवाज मोठा आणि खांदे वर गेलेले. खरी कियाई निघते तेव्हा पोट आवळलेलं आणि खांदे खाली असतात. ती ऐकण्याआधी दिसते.

आणि आता दहावी हालचाल. या काताचं सगळं सौंदर्य मला वळणांत दिसतं, आणि त्या वळणांचं शिखर इथे आहे. आरोळी झाली आहे, तोंड समोर, उजवा पाय पुढे. जायचं आहे उजवीकडे. उजवीकडे वळायला पाव वर्तुळ पुरलं असतं. काता तसं करत नाही. मागचा डावा पाय पाठीमागून फिरतो, शरीर डाव्या अंगाने, मागची बाजू ओलांडून, पाऊण वर्तुळ घेतं आणि उजवीकडे तोंड करून डाव्या गेदान बाराईवर उतरतं. दोनशे सत्तर अंश, एका पायाच्या पंजावर, आणि या सगळ्यात डोकं एक बोटही वर उठता कामा नये.

हा एवढा वळसा कशासाठी? व्यवहाराचं उत्तर असं देतात की पकडलेल्या माणसाला फेकायची ती हालचाल आहे. वळण हीच फेक. रचनेचं उत्तर असं की पुढच्या आडव्या रेषेवरही डाव्या ब्लॉकनेच सुरुवात करायची तर मागचा पायच फिरायला हवा. दोन्ही पटतात. पण करताना जाणवतं ते तिसरंच. तीन पावलं तुम्ही समोरच पाहत आलात, जोरात ओरडलात, आणि आता ज्या बाजू इतका वेळ पाठीशी होत्या त्या सगळ्यांवरून नजर फिरवल्याशिवाय काता तुम्हाला पुढे जाऊ देत नाही. वळण नीट जमतं तेव्हा मांड्या जळतात आणि डोकं विलक्षण शांत असतं. फिरताना तोल गेला तर चूक बहुतेक वळणात नसते. नवव्या हालचालीत वजन पुढे सांडलेलं असतं. आधीची हालचाल पूर्ण झाली होती की नाही, याचा हिशेब पुढचं वळण देतं. कामाच्या दिवसभरात मला असा प्रामाणिक हिशेब दुसरीकडे कुठे मिळत नाही.

दुसरी आडवी रेषा झटपट होते. डावा ब्लॉक, उजवा ठोसा. उलट वळून उजवा ब्लॉक, डावा ठोसा. आता मनगट सोडवण्याची ती अनोखी हालचाल गाळलेली आहे. मग परतीची वाट : डावीकडे वळून ब्लॉक, आणि आलो त्याच रेषेवरून उलट दिशेने तीन पावलं, तीन ठोसे. जाताना तीन ब्लॉक, येताना तीन ठोसे. जाताना टोकाला आरोळी, येताना टोकाला आरोळी, सतराव्या हालचालीवर. इतोसुंच्या रचनेतला तोल इथे उघडा पडतो, आणि तो कळल्यावर काता पाठ करावा लागत नाही.

दुसरी आरोळी झाली. शेवटचा ठोसा झाला. कुठल्याही खेळाचा शेवट इथे झाला असता. काता इथे संपत नाही. पुन्हा तेच पाऊण वर्तुळ, पण या वेळी उतरायचं ते वेगळ्याच पवित्र्यावर. कोकुत्सु दाची : वजन मागच्या पायावर, पुढचा पाय हलका. बंद मुठी उघडतात. शुतो उके, तळहाताच्या धारेने अडवणं. एक डावीकडे, एक तिरकं पाऊल टाकून कोनात, मग उजवीकडे फिरून एक, आणि पुन्हा तिरका एक. चार उघडे हात. आरोळी नाही, ठोसा नाही. चौथ्या ब्लॉकनंतर पुढचा डावा पाय मागे येतो आणि तुम्ही सुरुवातीच्या जागी असता.

प्रथम शिकताना हा शेवट अपुरा वाटतो. सतरा हालचाली पुढच्या पायावर, मुठी आवळून, सरळ रेषांवर काढल्या. अंगाला त्याची सवय झाली, श्वास चढला. आणि अगदी तेव्हाच वजन मागे घ्या, मुठी सोडा, कोनात चाला. दमलेल्या माणसाला पुढे झोकून देणं सोपं असतं, मागच्या पायावर बसणं कठीण. म्हणूनच ते शेवटी ठेवलं आहे, अशी माझी खात्री होत गेली. आमच्या वर्गात परीक्षा घ्यायला येणारे ज्येष्ठ सर पहिल्या सतरा हालचाली मागे हात बांधून बघतात. अठरावीला पुढे येतात आणि मागच्या गुडघ्याकडे पाहतात. तो बाहेर, बोटांच्या रेषेत राहिला की मान डोलावतात. आत ढळला की काही बोलत नाहीत, पुन्हा सुरुवातीपासून करायला सांगतात.

हल्ली काही ठिकाणी हा काता फार नाटकी करतात. दोन हालचालींमध्ये लांबलचक थांबणं, बाही फटकन वाजवणं, डोळे वटारणं. स्पर्धेच्या काताची ती नक्कल आहे. २०२१ मध्ये तोक्योत झालेल्या ऑलिम्पिकमध्ये कराटे पहिल्यांदा खेळलं गेलं. निप्पोन बुदोकानमध्ये पुरुषांच्या काताचं सुवर्ण ओकिनावाच्याच र्यो कियुनाने जिंकलं, महिलांचं स्पेनच्या सांद्रा सांचेझने, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. त्या दोघांचे काता मी पुन्हा पुन्हा पाहिले. वेग थक्क करणारा आहे, पण त्याहून थक्क करतं ते त्यांचं थांबणं : जिथे थांबायचं तिथे सगळं शरीर एकदम थांबतं, कुठे एक लहर उरत नाही. नाटकीपणा करणाऱ्यांनी त्यांची बाही उचलली आणि थांबणं मागे ठेवलं. पॅरिसच्या ऑलिम्पिकमधून कराटे वगळलं गेलं. वर्गात त्याची हळहळ झाली, आणि पुढच्या संध्याकाळी हेइयान शोदान नेहमीसारखा सुरू झाला.

फुनाकोशींनी आपल्या शिकण्याच्या दिवसांविषयी लिहिलं आहे. त्यांचे आणखी एक गुरू आझातो दिव्याच्या मंद उजेडात ताठ बसून पाहत आणि शिष्य अंगणात एकच काता आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने करत राही. गुरूंचा शेरा एक-दोन शब्दांचा. नुसते तेक्की नावाचे तीन काता शिकायला त्यांना दहा वर्षं लागली. दिवसा शाळेत शिकवून रात्री हे चाले. त्यांच्या या हकिगतीतला त्रास मला कधी त्रास वाटला नाही. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या माणसाने रात्री स्वतःच्या टाचेकडे, कमरेकडे इतक्या बारकाईने पाहणं ही केवढी मोठी चैन आहे, ते असा वर्ग लावल्यावर कळतं.

आमच्या वर्गात रांग बेल्टप्रमाणे लागते. नववीतली हिरव्या बेल्टची मुलगी माझ्या पुढे उभी असते. जिन्यात भेटली की ती मला काका म्हणते. रांगेत मी तिच्या पाठीकडे पाहून वळतो, कारण तिचं दहाव्या हालचालीचं वळण वर्गात सर्वांत स्वच्छ आहे. “इचि, नि, सान” असे आकडे पडू लागले की पन्नाशीचा बँकेतला अधिकारी, डिलिव्हरी करून आलेला पोरगा, आजीबरोबर येणारा सात वर्षांचा मुलगा, सगळे एकदम डावीकडे वळतात. प्रत्येकाची उंची वेगळी, पवित्र्याची लांबी वेगळी. रचना सर्वांना पुरते. कुणाला तिच्यातून लढायचं असेल तर तीही वाट तिच्यात आहे, आणि माझ्यासारख्याला ती फक्त नीट करायची असेल तर त्यातही काही उणं राहत नाही. इतोसुंनी ती मुळात अशाच रांगेसाठी केली होती.

शोतोकानमध्ये असे २६ काता आहेत. पुढचे कितीतरी अधिक देखणे, अधिक अवघड. सगळे विसरून एकच ठेवायचा असं कुणी म्हटलं तर मी हा ठेवीन. तुमच्या जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी वर्ग भरत असेल तर एकदा दारात थांबून पांढऱ्या बेल्टच्या मुलांचा पहिला काता पाहा. ठोशांकडे लक्ष देऊ नका. दुसरी आरोळी झाल्यावर मुलं फिरतात तेव्हा कुणाचं डोकं उठत नाही आणि कुणाचा मागचा गुडघा बाहेर राहतो, एवढंच पाहा. आणि नाव घालावंसं वाटलं तर वय मध्ये आणू नका. एका मोठ्या खोलीएवढी जागा लागते, आणि पाय अनवाणी असतात.